कोरी सुई

तळखार गावात त्या वर्षी कुणालाच कशाची सवय होत नव्हती.

खाडीचं पाणी उपसणारा पंप बांधाच्या टोकाला रात्रंदिवस घरघरायचा. तो बसवून कितीतरी वर्षं झाली होती, पण रोज सकाळी गाव कानांवर हात ठेवूनच उठायचं, जसा काही मेला कालच कुणी आणून बसवलाय. चिखलाचा वास रोज नव्यानं नाकात शिरायचा. त्याच वेळी बोंबलाच्या कालवणाचा पहिला घास घेतला की रोज तोंडातून 'वा!' निघायचं, आणि लग्नाला पंचवीस वर्षं झालेली माणसं एकमेकांकडे बघून चक्क लाजायची. ऐकायला गोड वाटतं ना? गावालाही सुरुवातीला गोडच वाटलं होतं.

हर्षाली म्हात्रेला मात्र पंपाच्याही आधी दुसरंच काही आठवायचं. डोळे उघडले की क्षणभर कोरं, आणि मग ओजस गेल्याचं तिच्या छातीवर येऊन आदळायचं. बांध फुटून पडलेल्या खांडीतून चौघांनी त्याला उचलून आणला तेव्हा जसं आदळलं होतं तस्संच. मुलगा जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. हर्षाली काही वेडी झाली नव्हती. तो गेलाय, कधी गेला, कसा गेला, सगळं तिला नीट ठाऊक होतं. फक्त तो धक्का जुना होत नव्हता. भिंतीपलीकडून सुनेचा, सानवीचा, हुंदका यायचा आणि हर्षालीला कळायचं की तीही उठली. मग दोघी चहा प्यायच्या, आणि हर्षाली मडक्यातून तीन पानं काढून गालात धरायची. थोड्या वेळानं छातीवरचा धोंडा हलका व्हायचा. दुपारपर्यंत तो पुन्हा तिथेच असायचा.

ज्या बाईनं सगळ्या गावाला पान जपून खायला शिकवलं, तिच्यावर ही पाळी आली होती.

समुद्र चढू लागला तेव्हा सरकारनं खाडीकाठच्या बांधांवर एक झाड लावलं होतं. थायलंडकडचे मजूर पिढ्यान्‌पिढ्या ज्याची पानं चघळून कष्ट उपसत आले ते क्रॅटम, आणि आपल्या रानातला त्याचाच भाऊबंद कळंब, या दोघांचा तो संकर. खाऱ्या मातीत तगायचा म्हणून लोक त्याला खारकळंब म्हणू लागले. सरकारला हवी होती माती धरून ठेवणारी मुळं. गावाला सापडली पानं. शीर काढून दोनतीन पानं गालात धरली की कमरेची कळ मरायची, ऊन टोचायचं थांबायचं, चिखलात मांडीपर्यंत उभं राहून माती टाकणाऱ्या माणसाला आणखी चार तास रेटायचं बळ यायचं.

पण रोज खाल्लं की पान लागेनासं होई. तिनाची सहा होत, सहाची मूठ होई. आणि मग एखाद्या दिवशी नाही मिळालं, तर नाक गळे, पाय आपोआप झटके मारत, झोप उडे, आणि शेजाऱ्यानं साधं 'काय रे' म्हटलं तरी त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटे. अशी दोनचार घरं बसल्यावर तळखारनं शहाणं होऊन एक नेम घालून घेतला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते, ते उधाण. बांधाला खरा धोका तेव्हाचा, काम तेव्हाचं, म्हणून पान तेव्हाच. अष्टमीच्या सुमाराला भरती नरम असते, त्याला खाडीकाठी भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत पानाला हात लावायचा नाही, मग अंग कितीही ठणको. मधल्या दिवसांत शरीर पानाला विसरून जाई, आणि पुढच्या उधाणाला तीच तीन पानं पुन्हा पहिल्यासारखी लागत.

पानं सगळी एका बाईच्या ताब्यात. तिला म्हणायचं पानबाय. हर्षालीच्या आधी तिची सासू होती. पानबायला आणखी एक नेम होता, आणि पुढचं सगळं त्या नेमामुळेच घडलं. जे गावाला द्यायचं ते आधी पानबायनं सगळ्यांदेखत स्वतः खायचं. कधीकाळी कुणीतरी बाहेरून आणलेली पूड वाटली आणि माणसं आडवी झाली, तेव्हापासूनचा हा नेम. पानबाय खाऊन ओट्यावर बसायची, गाव समोर बसायचं, आणि तिचं ठीक आहे असं दिसलं की मग हात पुढे यायचे. आधी पानबाय, मग गाव.

आणि याच पानबायच्या पोटचा पोर भांगाच्या दिवसांत चोरून पानं खात होता.

हर्षालीला ते कळलं तेव्हा ओजस मुठीवर गेलेला होता. तिनं त्याला मारलं नाही, ओरडली मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. मग स्वतःच्या हातानं मोजून पानं द्यायला लागली, पंधरवड्याला एकेक पान कमी करत. पोर बिचारं घाम पुसत, दात खात सोसायचं. दोनपर्यंत आलं की कुठूनतरी मूठभर पैदा करायचं आणि सगळं मुसळ केरात. नवी नवरी घरात, आणि हा भिंतीकडे तोंड करून कण्हत पडलेला. सानवी काही बोलायची नाही, तेच हर्षालीला जास्त लागायचं.

तशात समुद्र आणखी एक पायरी चढला. आता भांगाचं पाणीही बांधाला शिवू लागलं. बांधांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचे साहेब आले आणि म्हणाले, उधाणापुरतं काम करून भागणार नाही, रोज माणसं हवीत. रोज काम म्हणजे रोज पान, आणि रोज पान म्हणजे काय ते गावानं पाहिलेलं होतं. लोक नाही म्हणाले. तेव्हा साहेबांनी डॉक्टर रेवा पेंढारकरांना पाठवलं.

रेवा पेंढारकर पस्तिशीची, बारीक चणीची, बोलताना हातानं हवेत चित्रं काढणारी बाई. ती मेंदूच्या पेशींवर काम करायची. आल्या दिवशी ती हर्षालीच्या ओट्यावर मांडी घालून बसली. हर्षालीनं चहा दिला आणि सरळच विचारलं, "पान लागेनासं का होतं, ते सांगा आधी."

"तुमच्या मेंदूतल्या पेशींना बारीक बारीक दारं असतात," रेवा म्हणाली. "पानातला रस म्हणजे त्या दारांची किल्ली. दार उघडलं की दुखणं कमी होतं. पण रोज रोज किल्ली फिरायला लागली की पेशीला वाटतं, हे जरा अतीच झालं. मग ती दारं आत ओढून घेते. दारं कमी, म्हणून तेवढंच दार उघडायला पानं जास्त."

"आणि पान बंद केल्यावर पोर तडफडतं ते?"

"मेंदू तोल सांभाळत असतो, हर्षालीताई. पान एका बाजूला ढकलतं, म्हणून तो उलट्या बाजूनं जोर लावून ठेवतो. पान अचानक काढून घेतलंत तर तो उलटा जोर तसाच राहतो ना? माणूस त्या बाजूला कलंडतो. ती तडफड."

हर्षालीला ते पटलं. बांधावर दाबून धरलेली फळी सोडली की माणूस तोंडावर आपटतो, हे तिनं पाहिलेलं होतं.

"हा तोल साधायचं काम मेंदू मुख्यतः झोपेत करतो," रेवा पुढे म्हणाली. "दिवसभर जे जे वारंवार आलं त्याचा आवाज तो रात्री थोडा कमी करून ठेवतो. हे एक प्रथिन करतं. त्याला मी नाव ठेवलंय सरावक. सराव करवणारं, म्हणून. माझी सुई त्या सरावकाला कायमचं गप्प बसवते. एकदाच टोचायची. मग तुमची तीन पानं दहा वर्षांनीही तीनच राहतील. आणि ज्यांना आधीच लागलंय त्यांचं मागणंही थांबेल, कारण उलटा जोर लावणारंच कुणी उरणार नाही."

"आणि दुसरं काय बंद पडेल?"

रेवा हसली. "आम्ही नाडी पाहिली, झोप पाहिली, भूक पाहिली, वेदना मोजली. दोन वर्षं लोकांना तपासलं. काही बिघडलं नाही."

ती खोटं बोलत नव्हती. तिनं जे मोजलं होतं त्यात खरंच काही बिघडलेलं नव्हतं. त्या दोन वर्षांत तिच्या माणसांपैकी कुणाच्या घरी कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

हर्षालीनं फार विचार केला नाही. आतल्या खोलीतून ओजसच्या कण्हण्याचा आवाज येत होता. नेमाप्रमाणे तिनं सगळ्यांदेखत आधी आपला दंड पुढे केला. मग ओजस, मग सानवी, मग बांधावर जाणारं अख्खं गाव. फक्त जयेशदादा उरला. शेजारचा साठीचा जयेश, त्याचं हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनीच त्याला नको म्हटलं. तो चिडून म्हणाला, "म्हातारपणी आम्हाला काय नवीन मिळूच द्यायचं नाय, असं ठरवलंय काय?"

सुईनं केलं मात्र जे सांगितलं होतं ते. आठवड्याभरात ओजस उठून बसला. तीन पानांवर आला आणि तीनच पानांवर राहिला. अंगावर मांस चढलं. संध्याकाळी बांधावरून आला की सानवीकडे असा बघायचा, की हर्षाली मुद्दाम काहीतरी निमित्त काढून शेजारी जायची. लोक म्हणू लागले, अरे, मन कसं पाटीसारखं कोरं राहतं रोज! म्हणून ती कोरी सुई. तीच कालवणं, तेच विनोद, तीच बायको, आणि रोज नवं. हर्षालीला वाटलं, देव पावला. भांगाचा नेम सुटला. मडकं रोज उघडू लागलं, आणि पानबायचा हात रोज पानं वाटू लागला.

त्या पावसाळ्याच्या शेवटी, ऐन भांगात, बांधाला खांड पडली. जुना नेम असता तर त्या दिवशी बांधावर कुणी नसतंच. ओजस आणि जयेशचा धाकटा भाऊ नितेश पुढे होते. दुपारपासून माती टाकत होते. बाकीचे दमून मागे आले, हे दोघे आले नाहीत. सकाळी हर्षालीकडून तीन पानं घेतलेली, दुपारी आणखी तीन, आणि पान पहिल्या दिवसासारखं लागत होतं. थकलोय हे त्यांना कळायलाच हवं होतं, ते कळलं नाही. ओली माती बांधासकट खचली आणि दोघांना घेऊन गेली.

दुपारची पानं हर्षालीनंच पाठवली होती. ते ती कुणाला सांगायची नाही, पण रोज सकाळी तेही नव्यानं आठवायचं.

पहिले दिवस सगळं गावच रडत होतं, त्यामुळे वेगळं काही कुणाला जाणवलं नाही. सगळ्यांत मोठ्यानं रडला जयेश. भावासाठी त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं, जेवण टाकलं. मग हळूहळू तो दोन घास खाऊ लागला. मग देवळाच्या पायरीवर पत्ते कुटायला बसू लागला. एकदा हर्षाली तिथून जात होती, आणि जयेश कसल्याशा गोष्टीवर पोट धरून हसत होता. तिच्या अंगाची आग आग झाली.

"लाज नाय वाटत? सख्खा भाऊ विसरलास?"

जयेशचं हसू मावळलं. त्यानं पत्ते खाली ठेवले. "विसरलो नाय गो. कसा विसरेन? सवय झाली."

"सवय?"

"व्हतेच ना. तुझा नवरा गेला तवा तुला नाय झाली?"

हर्षाली तिथेच उभी राहिली. झाली होती. ओजस पाळण्यात असताना नवरा गेला. जग बुडालं असं वाटलं होतं, आणि दोन वर्षांनी ती कुणाच्या तरी लग्नात नाचली होती. आता त्याचा चेहरा फोटो पाहिल्याशिवाय आठवत नव्हता. मग तिनं गावात इकडेतिकडे पाहिलं, आणि तिला जे दिसायला हवं होतं ते दिसलं. गेल्या वर्षीच्या भांडणावरून दोन भाऊ आजही तसेच लाल डोळ्यांनी फिरत होते. जिचं मूल पोटातच गेलं ती सुवर्णा आजही पोटावर हात धरून बसली होती. सुई टोचल्यानंतर ज्याला ज्याला जे जे दुखलं होतं ते सगळं ताजं होतं. आणि ते थांबवायला प्रत्येकाच्या गालात पान होतं.

तिनं रेवाला बोलावून घेतलं. रेवानं सगळं ऐकलं, लोकांना तपासलं, आणि तिसऱ्या दिवशी हर्षालीच्या ओट्यावर येऊन बसली. या वेळी तिचे हात मांडीवरच होते.

"पानाचं व्यसन कुणालाही नाही," ती म्हणाली. "एक दिवस पान दिलं नाही तर कुणाचं नाक गळत नाही, पाय झटकत नाहीत. शरीर काही मागत नाहीये."

"मग आम्ही रोज खातो ते काय हौस म्हणून?"

"नाही." रेवानं मान खाली घातली. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुःखाचा आवाजही तेच सरावक कमी करतं, ताई. रोज रात्री थोडा थोडा. त्याला आपण काळ हे औषध आहे म्हणतो. मी पानापुरतं बंद करायला गेले, आणि तेही बंद झालं. दुःख मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी ते मोजलंच नाही."

हर्षालीनं तिला शिव्या घालायचं ठरवलं होतं. पण समोर बसलेली पोर ओठ चावत होती, आणि शिव्या घालून काय मिळणार होतं?

"उतारा आहे," रेवा म्हणाली. "पहिल्या सुईबरोबरच खबरदारी म्हणून मी तो बनवून ठेवला होता. दुसरी सुई. सरावक पुन्हा कामाला लागेल. पान मात्र पुन्हा अंगवळणी पडू लागेल, तुमचा उधाणाचा नेम परत पाळावा लागेल. पण दुःख कमी होईल. काही महिन्यांत झोप लागेल, वर्षभरात..."

"वर्षभरात मी त्याच्याशिवाय हसेन."

"हो."

"आणि मग?"

हर्षालीनं भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं, आणि त्याच्या शेजारच्या ओजसच्या फोटोकडे पाहिलंच नाही. त्याची गरज नव्हती. त्याचा आवाज, घामाचा वास, आजारातून उठल्यावर तिच्या मांडीवर डोकं ठेवून 'आई, मी सुटलो गो' म्हणाला होता ते, सगळं आत जसंच्या तसं होतं. दुखत होतं म्हणूनच जसंच्या तसं होतं.

"मला नको तुमचा उतारा," ती म्हणाली.

दुपारपर्यंत ती बातमी गावभर झाली, आणि तिचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक होता. एका सुईनं पोळलेलं गाव दुसऱ्या सुईला पानबायशिवाय हात लावणार नव्हतं. आधी पानबाय, मग गाव. पानबाय नाही, तर कुणीच नाही.

सानवी संध्याकाळी सासूच्या पायाशी येऊन बसली. ती एरवी कमी बोलणारी. आजही खाली मान घालूनच बोलली.

"आई, मला ते नकोसे झाले नाहीत. तुम्हाला तसं वाटेल."

"मला काय वाटायचं गो."

"पण मी अठ्ठावीस वर्षांची आहे. रोज सकाळी त्यांना खांडीतून आणतात. रोज. मला अजून चाळीस वर्षं जगायचंय, आई. इतक्या सकाळी मी कशा काढू?" तिनं वर पाहिलं. "तुम्ही म्हणालात तर काढीन. पण तुम्ही म्हणा तसं."

सुनेनं हर्षालीला फार सोपं करून दिलं होतं, आणि तेच फार अवघड होतं. तिनं नुसता सानवीच्या डोक्यावर हात ठेवला. मग डोक्यावरून पदर घेतला आणि चावडीशेजारच्या खोलीत रेवा उतरली होती तिकडे गेली.

"उद्या सगळ्यांदेखत मला टोचा," ती दारातूनच म्हणाली. "फक्त सुईत औषध नको. पाणी भरा."

रेवा ताडकन उठली. "मी असं करू शकत नाही. खोटं औषध मी कुणाला देणार नाही."

"देऊ नकाच म्हणते मी! मला औषध नको, हे सकाळीच सांगितलंय. आता फक्त टोचा. आत काय हाय ते गावाला दिसत नाय."

"पण तुमचं काय होईल? सगळ्यांचं दुःख ओसरेल, आणि तुमचं..." रेवाचा आवाज चढला. "ते कधीच ओसरणार नाही, कळतंय का तुम्हाला? शेवटपर्यंत. सगळ्या गावात तुम्ही एकट्या."

"त्याला मी पानं पाठवली डॉक्टरबाई, त्या दुपारी. माझ्या हातानं." हर्षाली चौकट धरून उभी होती. "सगळ्यांना सवय व्हायचीच हाय. व्हावीच. पण कुणीतरी एकानं तरी होऊ देऊ नये. माझा पोर हाय तो. एवढं केलंत आमचं, आता एवढं करा."

रेवा रडली. मग तिनं ते केलं. चूक की बरोबर, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षालीनं ओट्यावर बसून दंड पुढे केला. सुई टोचली गेली. गाव समोर बसून राहिलं, नेहमीसारखं, तिच्या चेहऱ्याकडे बघत. ती हसली, म्हणाली, "मुंगी चावली एवढंच. या." आणि रांग लागली. तिच्या घराण्यातल्या एकाही पानबायनं गावाला न खाल्लेलं कधी दिलं नव्हतं. हर्षालीनं दिलं.

पुढे सगळं रेवानं सांगितल्याप्रमाणे झालं. पंप ऐकू येणं हळूहळू बंद झालं. दोघा भावांचं भांडण सणाला मिटलं. कालवणाला 'वा' म्हणायचे ते लोक मीठ कमी आहे म्हणू लागले, आणि लग्नाला पंचवीस वर्षं झालेली माणसं पुन्हा एकमेकांकडे न बघता जेवू लागली. गावानं खात्याला कळवून टाकलं, आम्ही उधाणालाच येऊ. खात्यानं भांगाच्या कामाला लांबच्या गावांतून माणसं आणली. त्यांच्या दंडावर सुईची खूण होती, आणि ती माणसं खूप हसरी होती.

उधाणाचा नेम पुन्हा सुरू झाला, म्हणून मडक्याला झाकण लागलं. भांगाच्या एका दुपारी जयेश काहीतरी मागायला आला, तर हर्षाली त्या बंद मडक्यासमोर भिंतीला टेकून बसलेली. हातांची बोटं पदरात गच्च. तो बराच वेळ दारात उभा राहिला. सवय होणाऱ्या माणसाचं दुःख कसं झिजत जातं ते त्याला स्वतःवरून ठाऊक होतं, आणि हे झिजलेलं नव्हतं.

"तू ती सुई घेतलीसच नाय," तो म्हणाला.

हर्षालीनं नुसतं ओठांवर बोट ठेवलं. जयेश धपकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगो बाय माझे! मग एक पान तरी घे. तुला कुठं अंगवळणी पडायचंय? तुला कसला धोका?"

"मला नाय. पोरांना हाय." ती कष्टानं बोलत होती. "पानबाय भांगाला खाते, असं एकानं जरी बघितलं तर उद्या अख्खी आळी खाईल. ओजसचं काय झालं होतं बघितलंस ना? भांग हाय आज, दादा. पान नाय."

उधाण यायला अजून अवकाश होता. जयेश तिच्याजवळ नुसता बसून राहिला, आणि मग घरी जाऊन जेवला.

दोन वर्षांनी सानवीचं लग्न ठरलं. मुलगा बाजूच्याच गावचा, शांत, बरा. हर्षालीनंच पुढे होऊन जमवलं, हळद लावली, पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. सकाळी उठल्या उठल्या ओजसला खांडीतून आणलं होतं, आणि मग तिनं तोंड धुऊन मांडवाला आंब्याचे टाळे बांधले होते. लोक म्हणत होते, सासू असावी तर अशी.

निघायच्या वेळी सानवी आतल्या खोलीत बॅग भरत होती. कपाटाखालून तिनं ओजसचे रबरी बूट ओढून काढले, चिखल वाळून पांढरा झालेले.

"आई, हे टाकून देऊ का? उगाच जागा अडवतायत." मग जीभ चावून ती सासूजवळ आली, तिचे हात हातात घेतले. "रागावलात? मला खरंच... आता तेवढं वाटत नाही हो. आठवण येते, पण दुखत नाही. तुम्हालाही तसंच होतं ना?"

"तसंच गो," हर्षाली म्हणाली. "रागवायचं काय त्यात. ठेव ते खाली, मी बघते."

सानवी पाया पडली. उंबऱ्यावर जरा थांबली, डोळे पुसले, आणि एकदा सगळ्या घरावरून, अंगणावरून नजर फिरवली.

"किती शांत आहे ना इथे," ती म्हणाली. "आज पंप बंद आहे का?"

हर्षालीनं बांधाच्या दिशेला पाहिलं. पंप घरघरत होता. सकाळपासून त्यानं तिचं डोकं उठवलं होतं.

"असेल बंद," ती म्हणाली. "चल, गाडी खोळंबलीय."